तहकूब राहिलेली कैफियत

ज्या नायकाला तीन-चार पिढ्यांनी बालपणापासून आपला मानलेला असतो, त्याच्या चरित्रात नवा अध्याय लिहावयास बसणाऱ्या कलावंताची मुखत्यारी कायद्याने कितीही पक्की असली, तरी लोकांच्या मनातील जुनी वहिवाट तिला सहजासहजी जुमानीत नाही. कुळाने जमीन कसावी, तिच्यावर घाम गाळावा आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचेच असावे, तशी काहीशी स्थिती लोकप्रिय कथानायकांच्या चाहत्यांची असते. आणि म्हणूनच एखाद्या दिग्दर्शकाने त्या नायकाला निराळ्या वाटेने नेले, की चाहत्यांत जो कलह उसळतो त्यात सौंदर्यदृष्टीच्या मतभेदापेक्षा हक्कावर अतिक्रमण झाल्याचा संतापच अधिक असतो. अशा कलहांकडे पोरकटपणा म्हणून पाहण्याची सुशिक्षितांत रीत आहे. मला ती पसंत नाही. माणसे ज्या गोष्टीसाठी इतक्या तळमळीने भांडतात, तिच्यात त्यांचे काही तरी मोलाचे अडकलेले असलेच पाहिजे, असे मला वाटते.

सुपरमॅनच्या बाबतीत तर मालकीची ही भानगड त्याच्या जन्मापासूनच चिकटलेली आहे. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात, ज्यू स्थलांतरितांच्या घरांत वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण मित्रांनी तो कल्पिला, जून 1938 ची तारीख मिरविणाऱ्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला, आणि त्याचे सारे हक्क त्या दोघांनी अवघ्या 130 डॉलरांना प्रकाशकांच्या हवाली केले. पुढे त्या व्यक्तिरेखेवर अमाप पैसा मिळविला गेला, आणि तिचे जनक मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत म्हातारे झाले. 1975 साली, सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याची वार्ता पसरली असताना, सीगल यांनी जाहीर तक्रार मांडली, इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांना सालाना तनखा आणि निर्माते म्हणून नामोल्लेखाचा मान मिळाला. तात्पर्य, कागदोपत्री हा नायक कंपनीचा, काही काळाच्या मक्त्याने दिग्दर्शकाचा, आणि वहिवाटीने चाहत्यांचा. ज्यांच्या डोक्यातून तो निघाला त्यांचा तो सर्वांत कमी.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या दोन भाच्यांच्या वितंडवादाने. थोरल्याने लहानपणी क्रिस्तोफर रीव यांचा सुपरमॅन व्हिडिओ कॅसेट झिजेपर्यंत पाहिलेला, धाकट्याने कॉलेजात असताना झॅक स्नायडर यांचा ‘मॅन ऑफ स्टील’ पाहिलेला. आणि सणावाराला दोघे एकत्र आले की पंगत उठायच्या आतच त्यांची जुंपे.

“सुपरमॅन जीव घेत नाही. एवढं साधं कळत नसेल त्या माणसाला, तर त्याने दुसरा कुणी हिरो घ्यावा,” थोरला म्हणे.

“मग काय करायचं होतं त्याने? समोरचं कुटुंब जळताना बघत उभं राहायचं? दादा, तुला माणूस नकोच आहे, तुला देव हवाय!”

“आणि तुला देव नकोय, पण त्याची ताकद तेवढी हवीय.” मग माझ्याकडे वळून, “मामा, तुम्हीच सांगा.”

मामांनी काही सांगावे इतके मामांना तेव्हा ठाऊक नव्हते. परंतु थोरल्याचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, आणि त्याच्या पाठपुराव्यासाठी मी हे चित्रपट जमतील तसे पाहू लागलो.

फिर्यादी पक्षाचा मुख्य पुरावा म्हणजे 1978 चा, रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’. माणूस उडतो आहे यावर प्रेक्षकाचा विश्वास बसेल, असे अभिवचन त्याच्या जाहिरातीतच दिलेले होते. सत्याभास हे डॉनर यांनी आपल्या कामाचे ब्रीद ठरविले होते, आणि त्याची आठवण राहावी म्हणून तो शब्द कचेरीत सर्वांना दिसेल असा लावून ठेवला होता. मौज अशी, की ज्या गोष्टीत सत्याभास सर्वांत अवघड, त्या सुपरमॅनच्या साध्या चांगुलपणातच त्यांनी तो साधला. आपल्या पहिल्याच रात्री हा नायक कोसळत्या हेलिकॉप्टरमधून एका स्त्रीला वाचवितो, चोर पकडतो, खुद्द राष्ट्राध्यक्षांचे विमान सावरतो, आणि याच धामधुमीत एका लहान मुलीचे झाडावर अडकलेले मांजर तितक्याच अगत्याने खाली उतरवून देतो. राष्ट्राध्यक्ष आणि मांजर यांत ज्याला प्रतवारी ठाऊक नाही असे सामर्थ्य मानवजातीला इतिहासात फारसे भेटलेले नाही. आणि म्हणूनच त्या मांजराचा प्रसंग पाहणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही.

स्नायडर यांची प्रकृतीच निराळी. ‘300’ आणि ‘वॉचमेन’ हे त्यांचे आधीचे चित्रपट पाहिले, की हा माणूस कथा सांगण्यापेक्षा चित्रे रचण्यात अधिक रमतो हे ध्यानात येते. काळाची गती मंदावून क्षणाला शिल्पाप्रमाणे उभे करावे, आणि त्या शिल्पाभोवती काळोख, धूर आणि उजेडाची तिरीप अशी योजावी की देवळातील मूर्तीकडे पाहावे तसे प्रेक्षकाने पाहत राहावे, ही त्यांची खरी हातोटी होय. 2013 च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्नही त्या प्रकृतीला साजेसाच आहे: अमर्याद सामर्थ्याचा एक परका जीव आपल्या या भित्र्या, संशयी जगात खरोखरच उतरला तर काय होईल? पाण्यात बुडणाऱ्या शाळेच्या बसमधून मुलांना बाहेर काढणारा पोरसवदा क्लार्क, म्हणजे हाच भावी सुपरमॅन, आपल्या मानलेल्या बापाला विचारतो, की मग मी काय त्यांना मरू द्यायला हवे होते? आणि कॅन्सस प्रांतीचा तो प्रामाणिक शेतकरी क्षणभर थांबून उत्तरतो, की कदाचित. त्या एका शब्दावर चाहत्यांनी किती शाई खर्ची घातली असेल याची गणतीच नाही. एका पक्षाच्या मते तो बापाच्या मुखी न शोभणारा शब्द. दुसऱ्याच्या मते आपल्या लेकराचे काय होईल या धास्तीने व्याकुळ झालेल्या कोणत्याही बापाचा तो खरा उद्गार. मला स्वतःला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते.

परंतु खरा खटला उभा राहतो तो चित्रपटाच्या अखेरीस. गगनचुंबी इमारती पत्त्यांसारख्या कोसळविणारे ते प्रदीर्घ द्वंद्व एका रेल्वे स्थानकाच्या दालनात येऊन ठेपते. सुपरमॅनने मागून गळा आवळलेला खलनायक झॉड आपल्या डोळ्यांतील अग्निशलाका कोपऱ्यात अडकलेल्या एका कुटुंबाकडे तसू-तसूने सरकवीत नेतो. सुपरमॅन त्याला थांबण्याविषयी विनवितो, तो नकार देतो, आणि मग त्या प्रचंड बाहूंच्या एका हिसक्यासरशी झॉडची मान मोडते. त्यापाठोपाठ सुपरमॅनच्या कंठातून जो आक्रोश निघतो तो ऐकताना, येथे काही अनर्थ घडला आहे हे दिग्दर्शकालाही पुरते उमगले असल्याचे जाणवते. येथवर माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढल्या प्रवेशाविषयी आहे. लगेच दिसते ते असे, की सुपरमॅनने लष्कराचे एक टेहळणी विमान खाली पाडले आहे, तो सेनापतीशी हलक्याफुलक्या आवाजात बोलतो आहे, आणि त्याच्या देखणेपणावर एक महिला अधिकारी लाजून हसते आहे. हत्येचे सुतक एका प्रवेशापुरतेही पाळले गेलेले नाही.

चाहत्यांच्या वादात मात्र हा मुद्दा क्वचितच निघतो. तेथे दाखल्यांना दाखले भिडतात. सुपरमॅन मारीत नाही, असे एकाने म्हणताच दुसरा 1988 सालचा, जॉन बर्न यांनी लिहिलेला व चितारलेला अंक पुढे करतो, ज्यात सुपरमॅनने तीन गुन्हेगारांना देहदंड दिलेला आहे. 1980 च्या ‘सुपरमॅन 2’ मध्ये खुद्द रीव यांच्याच नायकाने शक्तिहीन झालेल्या झॉडला हिमाच्या खोल दरीत लोटल्याची आठवण करून देतो. आणि बॅटमॅनचा विषय निघालाच, तर 1939-40 च्या आरंभीच्या कथांत तो कसा खुशाल माणसे मारीत असे, याची यादीच वाचून दाखवितो. पहिला म्हणतो, की आरंभीचे चाचपडणे म्हणजे चरित्र नव्हे, पुढे रूढ झाला तोच धर्म. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. ज्या नायकाची कथा ऐंशीहून अधिक वर्षे शेकडो हातांनी लिहिली, त्याच्या दप्तरात कोणत्याही दाव्याला अनुकूल असा एखादा कागद निघणारच. म्हणून नुसत्या दाखल्यांवर हा वाद मिटण्यासारखा नाही.

आपल्याकडील वाचकाला या वादाचे नावीन्य वाटू नये. भासाने ‘ऊरुभंग’ नाटकात महाभारतातील दुर्योधनाला, मांड्या भंगून भूमीवर पडलेल्या अवस्थेत, असे काही औदार्य बहाल केले की खलनायकाच्या मृत्यूवर प्रेक्षकांचे डोळे पाणावावेत. आणि मूळ कथेपासून इतका दूर गेल्याबद्दल आज त्याला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. कलावंताचा हा अधिकार मान्य केलाच पाहिजे. पण त्या अधिकाराला एक शर्तही आहे, आणि ती कोणती हे जाणून घ्यावयाचे तर वालीवधाचा प्रसंग आठवावा. रामाने वालीला आडून बाण मारला, या गोष्टीने रामभक्तांना शतकानुशतके अस्वस्थ केले आहे. तथापि वाल्मीकीने ही अस्वस्थता झाकून ठेवली नाही. त्याने मरणोन्मुख वालीच्याच मुखातून रामावर अधर्माचा आरोप ठेवविला, एकामागून एक टोचणारे प्रश्न विचारविले, आणि मग रामाला त्यांची सविस्तर उत्तरे द्यावयास लावली. ती उत्तरे सर्वांना पटतात असे नाही; कित्येकांना ती आजही लटकी वाटतात. परंतु फिर्याद आणि कैफियत दोन्ही काव्यातच नोंदलेली आहेत. नायकाच्या हातून वादग्रस्त कृत्य घडवावे, खुशाल घडवावे. मात्र त्याबद्दलची विचारणाही त्याच ग्रंथात झाली पाहिजे आणि नायकाने तोंड उघडून उत्तर दिले पाहिजे, ही ती शर्त होय.

स्नायडर यांना या शर्तीची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. 2016 च्या ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’चा आरंभच मुळी पहिल्या चित्रपटावरील टीकेला दिलेल्या उत्तरासारखा आहे. तीच लढाई येथे आपण जमिनीवरून पाहतो. वर दोन देव झुंजत आहेत, आणि खाली बॅटमॅन, म्हणजेच ब्रूस वेन, हा मर्त्य गृहस्थ धुळीच्या लोटांत धावत सुटला आहे, ढिगाऱ्याखाली पाय चिरडलेल्या आपल्या नोकराला सोडवितो आहे, आई गमावलेल्या एका पोरीला कवटाळून द्वेषाने आभाळाकडे पाहतो आहे. तो प्रवेश उत्कृष्ट आहे. पुढे मेक्सिकोत आगीतून एका मुलीला वाचवून आणणाऱ्या सुपरमॅनभोवती, तोंडावर कवट्यांची चित्रे रंगविलेला जमाव त्याला स्पर्श करण्यासाठी हात पुढे करतो, आणि तो मात्र त्या उपासनेने अवघडल्यासारखा मधोमध उभा राहतो. तेथे तर डॉनर यांना न सुचलेला एक प्रश्न स्नायडर यांनी एका चित्रात उभा केला आहे, की लोकांनी देव केलेल्या माणसाने काय करावे?

आणि मग येते ती वॉशिंग्टनमधील सिनेटची सुनावणी. सुपरमॅनच्या बेलगाम सामर्थ्याची चौकशी करण्यासाठी समिती बसली आहे. बाहेर निदर्शक ओरडत आहेत. मेट्रोपोलिस शहराच्या त्या विध्वंसात दोन्ही पाय गमावलेला एक माणूस चाकांच्या खुर्चीत बसून आत आला आहे. आणि कोणीही सक्ती करू शकत नसताना सुपरमॅन स्वतःच्या पायांनी चालत येऊन समितीपुढे उभा राहतो. साऱ्या वादाचा निकाल लागावा असा हा क्षण आहे. तो आता काय बोलेल? झॉडविषयी, मेलेल्या हजारोंविषयी, आपल्या हक्काविषयी आणि हतबलतेविषयी तो काय सांगेल? तो काहीच सांगत नाही. त्याने ओठ उघडण्यापूर्वीच त्या खुर्चीत दडविलेला स्फोटक फुटतो, आणि समिती, साक्षीदार व फिर्यादी एका ज्वाळेत नाहीसे होतात. त्या धगधगत्या दालनात स्नायडर यांचा सुपरमॅन एकटा उभा असतो, विषण्ण आणि मूक. दृश्य म्हणून ते अविस्मरणीय आहे यात संशय नाही. परंतु एवढ्या खटपटीने भरविलेले न्यायासन दिग्दर्शकाने आरोपीच्या जबाबाआधीच उडवून दिले, आणि ती कैफियत जी तहकूब झाली ती त्यांच्या हातून पुन्हा कधीही बोर्डावर आली नाही. त्यानंतर चाहते जे भांडत राहिले, ते माझ्या समजुतीप्रमाणे हीच अर्धवट राहिलेली सुनावणी आपापल्या घरी चालवीत होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, तो थोडक्यात सांगतो. 2017 साली मुलीच्या अकाली मृत्यूनंतर स्नायडर यांनी ‘जस्टिस लीग’ अर्ध्यावर सोडला; जॉस व्हेडन यांनी तो पुरा केला; दोन तासांत कोंबलेला तो विजोड चित्रपट कोणालाच रुचला नाही; आणि मूळ दिग्दर्शकाची प्रत बाहेर काढा, अशी मागणी चाहत्यांनी लावून धरली. या मागणीला पूर्वपीठिका होती. ‘सुपरमॅन 2’चे काम बरेचसे झालेले असताना निर्मात्यांनी डॉनर यांना दूर करून रिचर्ड लेस्टर यांच्याकडून तो पुरा करविला होता, आणि डॉनर यांच्या हेतूला धरून जुळविलेली प्रत 2006 साली रसिकांच्या हाती पडली होती. म्हणजे ज्या दोन दिग्दर्शकांच्या नावाने दोन तट पडले, त्या दोघांचेही अपुरे राहिलेले काम दुसऱ्याच्या हातून पुरे करविले गेले होते. स्नायडर यांच्या चाहत्यांनी विमानामागे फलक फडकविले, न्यूयॉर्कच्या चौकात जाहिरात लावली, आणि त्याच मोहिमेत आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करणाऱ्या अमेरिकन संस्थेला पाच लाखांहून अधिक डॉलर गोळा करून दिले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत जमा धरली पाहिजे. त्याच मोहिमेतील काहींनी विरुद्ध मताच्या समीक्षकांना आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिवीगाळ केली, हे नावेही तितक्याच स्वच्छ अक्षरांत मांडले पाहिजे. मार्च 2021 मध्ये चार तासांची ती प्रत अखेर प्रदर्शित झाली. ती आधीच्या तुकड्यांपेक्षा सर्वस्वी सरस आहे, सायबॉर्गच्या पात्राला तिच्यात प्रथमच न्याय मिळाला आहे. पण सुपरमॅन तिच्यात बहुतांश वेळ मृत आहे, आणि जिवंत होऊन आल्यावरही आपल्या त्या जुन्या कृत्याविषयी तो बोलत नाही.

2025 साली जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला, आणि चाहत्यांच्या दोन्ही फौजा नव्याने रणात उतरल्या. जुन्या पक्षाला त्यात एक खार सापडली. अक्राळविक्राळ प्राणी शहर तुडवीत असताना हा नायक त्याच्या पायाखाली येणारी एक खार झडप घालून वाचवितो. 1978 च्या मांजराची ही नातच म्हणावयाची. नव्या पक्षाला ती खार म्हणजे पोरखेळाची परिसीमा वाटली. माझे मन मात्र त्या चित्रपटातील एका निराळ्याच, पुष्कळ शांत प्रवेशाने वेधून घेतले. लोइस लेन आपल्या राहत्या घरी सुपरमॅनची मुलाखत घेते. तिचे त्याच्यावर प्रेम आहे. तरीही वार्ताहराच्या निष्ठुरतेने ती त्याला विचारते, की दोन देशांच्या युद्धात तू कोणाच्या परवानगीने हात घातलास, परिणामांचा विचार केला होतास काय, एका राष्ट्राच्या प्रमुखाला धमकी देण्याचा अधिकार तुला कोणी दिला? सुपरमॅन गोंधळतो, चिडतो, त्याचा आवाज चढतो, आणि सरतेशेवटी त्याच्यापाशी एवढेच उत्तर उरते, की माणसे मरणार होती. उत्तर म्हणून ते अपुरे आहे; कोणताही बरा वकील त्याच्या चिंधड्या उडवील. परंतु सिनेटच्या त्या दालनात जे नऊ वर्षे राहून गेले होते ते येथे दिवाणखान्यात घडले. नायकाला जाब विचारला गेला, आणि त्याने जबाब दिला.

थोरल्या भाच्याला मी माझे हे मत सांगितले तेव्हा तो हर्षभरित झाला, आणि धाकट्याने मी फितूर झाल्याचे जाहीर केले. दोघांनीही मला अर्धेच ऐकले. चित्रांची भव्यता, सामर्थ्याचे भय, देवपणाचे ओझे या गोष्टी स्नायडर यांच्याइतक्या समर्थपणे या क्षेत्रात दुसऱ्या कोणी दाखविल्या आहेत असे मला वाटत नाही, आणि सुपरमॅनच्या हातून हत्या घडविण्याचा त्यांचा अधिकारही मी पुरता मान्य करतो. त्या हत्येचा जबाब त्यांनी त्याच्याकडून कधी घेतला नाही, एवढाच त्यांच्यावरील आरोप, आणि माझ्या मते तो शाबीत आहे. राहता राहिली तटबंदीची गोष्ट. 2004 साली ‘डॉन ऑफ द डेड’ हा स्नायडर यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या पटकथेवर लेखक म्हणून नाव आहे ते जेम्स गन यांचे.